तीन सारजा आणि पडद्यामागचा माग

दिलीपनं मला फसवलं. दिलीप म्हणजे आमच्या ‘सारजा’ या संगीत नाटकाचा दिग्दर्शक. कसं फसवलं तेही लगेच सांगून टाकतो, म्हणजे लेख लांबवण्यासाठी मी ते दडवून ठेवलं असं कोणी म्हणायला नको. या नाटकात हातमागाचा आवाज मी पडद्यामागे बसून काढत असे. माझ्यापुढे एक माईक असे. तो माईक पहिल्या प्रयोगापासून बंद होता. हे दिलीपला ठाऊक होतं, तबलजीला ठाऊक होतं, साउंडवाल्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्या माईकपुढे घाम गाळणाऱ्याला.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला विषय दिला तो असा : सारजेची भूमिका तीन नट्यांनी केली, तुम्ही तिघींना जवळून पाहिलं, तर तुलना करा. त्यांना गोड आठवणी हव्या होत्या. मी म्हटलं, लिहितो, पण माझी तक्रारही छापावी लागेल. एक ओळ कापली तर पूर्ण लेख परत. त्यांनी बरीच घासाघीस केली. शेवटी तक्रार राहिली, शिव्या गेल्या.

मी मोतीराम. नागपूरला सक्करदऱ्यात माझं नाटकाच्या सामानाचं दुकान आहे. नाटकवाल्यांना लागणारी प्रत्येक खोटी वस्तू माझ्याकडे भाड्यानं मिळते. मुकुट, तलवारी, दाढ्या, पोलिसाचा पट्टा, न्यायाधीशाचा हातोडा. बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय अक्कल लागते? अक्कल अशी लागते की खरी वस्तू स्टेजवर खोटी दिसते. खरा सोन्याचा हार लाइटमध्ये पितळेचा वाटतो, आणि पुठ्ठ्याला चिकटवलेला चमकीचा कागद शेवटच्या रांगेपर्यंत राजासारखा चमकतो. हे मी कोणाकडून शिकलो नाही. घरी माग होते, ते सोडून मी स्वतःच्या हिमतीवर या धंद्यात आलो, असं मी आजवर सर्वांना सांगत आलो आहे. त्याबद्दल पुढे एक दुरुस्ती येईल.

गिऱ्हाइकांत सर्वांत पक्के शाळावाले. एका मुख्याध्यापकांनी मला विचारलं होतं, “रावणाची नऊच डोकी नेली तर भाडं कमी होईल का? दहावं तर पोराचं स्वतःचंच हाये.” मी म्हटलं, “सर, मिशी त्या दहाव्यालेच लागते. मिशीचं भाडं डोक्यापेक्षा जास्त.” दहाही डोकी नेली त्यांनी.

माझ्या रागाबद्दल गावोगाव एक गोष्ट सांगतात, ती खरी आहे. कुहीला एका नाटकात राजानं माझ्या सिंहासनाच्या हातावर विडी विझवली. मी विंगेतून पाहिलं. पुढच्या अंधारात मी सिंहासन उचलून टेम्पोत टाकलं. लाइट आले तेव्हा राजाला बसायला काही नव्हतं. बिचाऱ्यानं पुढचा सगळा न्यायनिवाडा उभ्यानं केला. नाटक संपल्यावर गावची मंडळी म्हणाली, “राजा प्रजेसाठी बसलाच नाही गा, लई आवडलं.” हा किस्सा मी मोठ्या कौतुकानं सांगत फिरलो. तो ऐकून लोक हसत, आणि घरी जाऊन ठरवत असावेत की या माणसाला खरं काही सांगायचं नाही. हे मला आता कळतं.

तर नाटक. सारजा ही विणकराची बायको. नवरा परगावी गेलेला. तिसऱ्या अंकात ती मागावर बसून कोणाच्या तरी लग्नाची साडी विणते आहे आणि पद गाते आहे. शेवटच्या कडव्याआधी शेजारीण येऊन सांगून जाते की ही साडी जिच्या अंगावर चढणार, ती तुझ्याच नवऱ्याची नवी बायको. मग शेवटचं कडवं. त्यानंतर संहितेत दोनच शब्द आहेत : माग थांबतो. बाकी लेखकानं काही लिहिलेलं नाही. तो कसा थांबवायचा हे जिचं तिनं ठरवायचं. माझ्या मते सारजेची सगळी परीक्षा त्या दोन शब्दांत आहे, आणि तुलना करायची ती तिथेच.

दिलीप माझ्याकडे आला तो माग मागायला. माझ्या बापाचा माग घरी पडून होता. आमच्याकडचे माग जमिनीत खड्डा करून बसवलेले. विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यात, पायानं पावड्या दाबायच्या, हातानं दोरी ओढली की धोटा इकडून तिकडे पळतो, मग फणी ठोकायची. खट, खटाक. स्टेजला खड्डा कोण पाडू देईल? म्हणून मी उंच चौथरा करून दिला. मागावर जुनं कापड खिळ्यांनी ठोकून टाकलं, म्हणजे दुरून अर्धी साडी विणून झाल्यासारखी दिसे. नटीनं फक्त हात हलवायचे.

“आवाज तबलजी काढून घेईल,” दिलीप म्हणाला.

“विणकराच्या नाटकात मागाचा ठोका तबलजी देईन? काहून, मी मेलो काय?”

“तसं नाही, मोतीरामभाऊ...”

“माग पाहिजे ना तुले? मग ठोका माझा. नाहीतर माग घरीच बरा हाये.”

मग दिलीप म्हणाला, “ठीक आहे. पण आवाज स्वच्छ यायला पाहिजे. तुम्हाला वेगळी खोली देतो.”

मला तो मान वाटला. स्टेजमागच्या खोलीत, दार बंद करून, एका चौकटीला फणी बसवून मी ठोकत असे. बाहेरचा गोंगाट माईकमध्ये येऊ नये म्हणून दार बंद. गाणं ऐकू यावं म्हणून एक छोटा स्पीकर. गावोगावी मंडपात प्रयोग असला की खोली नसे, तेव्हा मला टेम्पोत बसवत. खोलीच्या दाराला एक फट होती, तिच्यातून सारजेची पाठ आणि उजवा हात दिसे. म्हणजे मी तिघींना जवळून पाहिलं हे संपादकांचं म्हणणं खरं आहे, पण पाहिलं ते मागून. पहिल्या दोघींचा त्या प्रसंगातला चेहरा मी कधी पाहिलेला नाही. ज्यांना ही तुलना अपुरी वाटेल त्यांनी दिलीपला जाब विचारावा.

पहिली सारजा कुसुमताई. जुन्या गायिका, अंगानं भरलेल्या, आवाज असा की स्पीकर नसता तरी चाललं असतं. त्या विणत नव्हत्या, गात होत्या. दोरीवर हात ठेवायचा, पण सूर वर चढू लागला की तोच हात कानावर जाई. कानावर हात ठेवून कोणी विणत नाही. मी पहिल्या तालमीत बोललोही, “ताई, धोटा कोण चालवून राहिलं मग?” त्या म्हणाल्या, “तुम्ही आहात ना.” झालं, मी खूश. शेवटच्या कडव्यात त्या शेवटचा शब्द तीनदा घेत, तिसऱ्यांदा नेमक्या समेवर येत आणि तळहात मागावर आपटत. तिकडे हात पडला की इकडे मी फणी जोरात ठोके. माग थांबला. टाळ्यांनी हॉल भरून जाई. त्या टाळ्यांतली अर्धी माझी, असं मी धरून चाललो होतो. पुढे पुढे मी अर्ध्यावर थांबलो नाही. चहाच्या टपरीवर सांगू लागलो, “गाणारी बाई समोर असते, सारजा तर मीच चालवून राहिलो.” लोक ऐकून घेत. चहा मी पाजत असे.

कुसुमताईंच्या गुडघ्यांना चौथरा चढवेना, तेव्हा रेवती आली. ही मालिकांत कामं केलेली, लग्नानंतर नागपूरला परतलेली. गळा लहान. तिनं पदातली दोन कडवी काढून टाकायला लावली. तिचे प्रश्न फार. “मोतीरामभाऊ, सारजा सकाळी काय खात असेल?” मी म्हटलं, “मले काय माहीत? मी सामान भाड्यानं देतो, नाश्ता नाही.” पण पाठीवरून सांगतो, तिची पाठ बोलायची. शेजारीण बातमी देऊन गेली की कुसुमताईंची पाठ ताठ होई, पुढे गाणं होतं ना. रेवतीची पाठ आधी तशीच राही, आणि मग कोणीतरी आतून दोरा ओढल्यासारखी थोडी लहान होई.

आणि तिनं माझा शेवटचा ठोका काढून टाकला. बातमी ऐकताच माग तिथेच थांबवायचा, हात मांडीवर, आणि शेवटचं कडवं मागाशिवाय, बोलल्यासारखं म्हणायचं. मी तालमीतच भांडलो.

“शेवटचं कडवं मागाबिगर? मग मी तिथं काय करू, भजं तळू?”

“वाजवा ना भाऊ,” दिलीप म्हणाला, “पण बारीक वाजवा.”

मी बारीक वाजवलं नाही. कडवंभर हातात जोर होता तेवढा लावून ठोकलं. प्रयोग संपल्यावर बघावं तो माणूस म्हणत होता, काय ती शांतता, अंगावर काटा आला. मी चक्रावलो. कुठली शांतता? मी तर ठोकून ठोकून मनगट सुजवून बसलो होतो. बराच विचार करून मी निष्कर्ष काढला की नागपूरच्या प्रेक्षकांचे कान खराब झाले आहेत, आणि त्याला सध्याचे लग्नातले डीजे जबाबदार आहेत. हे मी एका सभेत भाषणातही बोललो. दिलीप पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होता.

रेवतीच्या नवऱ्याची बदली झाली आणि तिसरी सारजा आली ती वैशाली. हुडकेश्वरची, शाळेत गाणं शिकवणारी. सडपातळ, चष्मा, नाटकापुरता काढायचा. आवाज खडा, वर जाताना जरा घसरणारा. मला काही भरवसा वाटला नाही. तालमी चालू झाल्यावर एकदा तिनं विचारलं, “भाऊ, माग दोन महिने माझ्या ताब्यात देता का?” मी म्हटलं, घरीच तर पडून आहे, काय हात हलवायचे ते येऊन हलव. दुपारी मी दुकानात असतो. दुपारी ती माझ्या घरी येत होती. घरी माझी बायको सुमन असते. सुमन लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं विणत होती. मला संशय यायला हवा होता. सौदा करताना समोरच्याच्या बोटाची हालचाल ओळखणारा मी माणूस. घरात सुताचा वास येतो आहे हे मला कळलं नाही.

तिचा पहिला प्रयोग नागपूरलाच, दुपारचा. सकाळी सामान लावलं. चौथऱ्यावर माग आला तो पाहून मी थबकलो. खिळ्यांनी ठोकलेलं जुनं कापड गायब. मागावर खरा ताणा भरलेला, म्हणजे साडीचे उभे धागे एकेक करून फणीतून ओवून ताणलेले. बोटभर रुंद किनारही निघाली होती. वैशालीनं चष्मा काढला, चौथऱ्यावर बसली, पावडी दाबली आणि दोरी ओढली. खट, खटाक. खरं कापड विणलं जाऊ लागलं.

मग तिनं साउंडवाल्या फिरोजला हाक मारली. “फिरोजभैया, मला एक माईक इथे मागापाशी लागेल. मागच्या खोलीतला आणून द्या ना.”

फिरोज भोळा माणूस. वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, “वो पीछेवाला? वो तो खराब है दीदी. वो कभी चालू ही नहीं था. वो तो बस भाऊ के लिए रखते थे.”

तबलजीनं हातोडी घेतली आणि आधीच लागलेला तबला पुन्हा लावायला सुरुवात केली. दिलीप छताकडे पाहू लागला, जणू लाइटमध्ये काहीतरी बिघडलं आहे.

“मग आवाज कोण काढत होता बे?” मी विचारलं.

तबलजीनं डग्ग्यामागून एक लाकडी ठोकळा काढून दाखवला.

मी काय काय बोललो ते संपादकांनी कापलं आहे. शेवटचं वाक्य तेवढं ठेवलं : “माग माझा हाये, मी चाललो घेऊन.” मी खुंट्या ढिल्या करायला लागलो. तेवढ्यात सुमन आली, हातात सगळ्यांचा डबा, खांद्याला विणकामाची पिशवी.

“काय करून राहिले?”

“घरी नेऊन राहिलो. तुले माहीत हाये का यायनं माझ्यासंग काय केलं?”

“माहीत हाये.”

“कधीपासून?”

“तुम्ही पहिल्यांदा टेम्पोत बसले तेव्हापासून. मी मंडपात बसली होती. टेम्पोतून काही आवाज येत नव्हता, अन् मागाचा ठोका तर बरोबर येऊन राहिला होता. मले तेव्हाच समजलं का हा तुमचा ठोका नाही.”

“काहून?”

“बरोबर येत होता म्हणून.”

तबलजी हसला आणि लगेच खोकला.

“तुमचा हात घाई करते,” सुमन शांतपणे म्हणाली. “आधीपासूनच. म्हणून तर सासूबाईंनं तुमाले मागावरून उठवलं. म्हणाल्या, याच्या हातानं कापड नाही, भांडण विणलं जाते. याले दुकान घालून द्या.”

ही ती दुरुस्ती. मी स्वतःच्या हिमतीवर माग सोडला नव्हता. मला उठवलं होतं. आणि हे मला स्टेजवर, तबलजीसमोर कळलं.

मी आणखी चिडलो. खुंट्या ढिल्या झाल्या, पण सकाळी चौघांनी अख्खा उचलून आणलेला माग मला एकट्याला सुटा करूनच नेता आला असता. त्यासाठी आधी ताणा कापावा लागतो. मी कैची मागितली. कोणी हललं नाही. वैशाली चौथऱ्यावरून उतरली, सुमनच्या पिशवीतून कैची काढली आणि माझ्यापुढे धरली.

“घ्या भाऊ. माग तुमचा हाये. ताणा मात्र काकूंनी अन् मी भरला. एकेक धागा. कापा.”

आमच्या घरात भरलेला ताणा मध्ये कापत नाहीत. माझा बाप गेला तेव्हा मागावर अर्धं लुगडं होतं. आईनं सुतक संपल्यावर आधी ते पुरं केलं, मग दुसऱ्या कामाला हात लावला. या पोरीला हे सुमननं सांगितलं असणार, म्हणूनच तिनं कैची अशी ठामपणे धरली. मी आयुष्यभर सौदे केले; समोरच्याला जे करता येणार नाही तेच त्याच्या हातात द्यायचं, ही युक्ती मी सर्वांवर वापरली. माझ्यावर कोणी पहिल्यांदाच वापरत होतं. मी कैची घेतली, थोडा वेळ हातात धरली आणि खुंट्या पुन्हा घट्ट करू लागलो.

“नाटक होईन,” मी म्हटलं. “पण मी त्या खोलीत बसणार नाही.”

“मग कुठे बसता?” दिलीपनं फार हळू विचारलं.

“पुढे. अन् तिकिटाचं मले विचारू नको.”

अशा रीतीनं मी सारजा पहिल्यांदा समोरून पाहिली. वैशालीचा सूर पदात दोनदा घसरला. हे मी लिहून ठेवतो, कारण मी रागात असलो तरी बहिरा नाही. बहिरा कितपत आहे याबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. गाणं ऐकायचं तर कुसुमताई, ते कोणी नाकारू नये. दुःख बघायचं तर रेवती. वैशालीकडे यातलं काही फार नव्हतं. शेजारीण बातमी सांगून गेली. वैशालीचा चेहरा काही बदलला नाही, कारण धागा सरकत होता आणि तिचं लक्ष किनारीकडे होतं. तिनं शेवटचं कडवं म्हटलं. गाणं संपलं, तबला थांबला, ऑर्गन थांबला. माग थांबला नाही.

खट, खटाक. लोक चुळबुळले. शेजारचा माणूस मला म्हणाला, “विसरली का हो बाई?” मी त्याला गप्प राहायची खूण केली. ती विणत राहिली, ठोका ना वाढला ना कमी झाला, आणि धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं. धोटा रिकामा पलीकडे गेला. सूत नाही म्हटल्यावर सवयीनं तिचा हात शेजारच्या टोपलीकडे गेला, नवी कांडी घ्यायला. आणि तो हात मध्येच राहिला.

तेवढंच. माग थांबला. टाळ्या बऱ्याच उशिरा आल्या. मी वाजवल्या नाहीत. माझी बाही डोळ्यांना लागली होती. त्यातून कोणी भलता अर्थ काढू नये, पुढच्या रांगेत एसीचा वारा थेट येतो.

आता मुद्दा. प्रयोग संपल्यावर वैशालीनं मला विचारलं, “कसं झालं भाऊ?”

“सूर घसरला दोनदा.”

“हो, समजलं मले. तुमचा ठोका पण मी तालमीत मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकला. धावते नुसता. जसं कोणी मागं लागलं हाये.”

इतक्या वर्षांत एका सारजेनं मला माझ्या ठोक्याबद्दल सांगितलेलं हे पहिलं खरं वाक्य. आणि ते ऐकताना मला बाकीच्या दोघी आठवल्या. प्रत्येक प्रयोगानंतर कुसुमताई मेकअप उतरवायच्या आधी त्या खोलीचं दार उघडत, माझ्या खांद्यावर हात ठेवत आणि म्हणत, “मोतीरामभाऊ, आज तुमचा माग होता म्हणून मी तरले.” रेवतीही येई. दारातच उभी राही, ‘तरले’च्या आधी किंचित थांबे, डोळे ओले. वाक्य तेच. शब्द न शब्द तोच. या दोघींचं सारजेबद्दल एका गोष्टीवर एकमत नव्हतं. एक दुसरीचं गाणं ऐकत नसे, दुसरी पहिलीचा अभिनय मानत नसे. आणि बंद माईकपुढे बसलेल्या माणसाला दोघीही एकच वाक्य म्हणत होत्या.

तिसरा अंक हजारोंनी पाहिला. हा प्रवेश फक्त मी पाहिला, आणि तोही समोरून. संपादकांना तुलना हवी होती ना? तर त्या वाक्यात दोघींपैकी सरस कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कुसुमताईंचा खांद्यावरचा हात मला खरा वाटायचा. रेवतीचं थांबणंही खरं वाटायचं. मी कुसुमताईंच्या घरी जाऊन विचारून आलो. त्यांनी चहा दिला, खूप हसल्या, गुडघा चोळत म्हणाल्या, “ते दिलीपला विचारा.”

म्हणून दिलीप, तुला सर्वांसमोर विचारतो. माईक बंद ठेवलास, ठीक, त्याबद्दल मी तुला घरी येऊन वेगळं बोलेन. मला याचं उत्तर पाहिजे : ते वाक्य तू लिहून दोघींना पाठ करायला लावलंस, की आधी कुसुमताई आपल्या मनानं बोलल्या आणि मग तू ते रेवतीला दिलंस? फोन करू नको, फोनवर तू नाटकं करतोस. हा अंक निघाला की घरी ये आणि सुमनसमोर सांग.